लंडनच्या अंगणातला राघू

राघू म्हटला की आपल्याला पेरूची बाग आठवते, कणसावर आलेले जोंधळ्याचे शेत आठवते. पण हाच हिरवा, लाल चोचीचा पक्षी आज लंडनमध्ये घरामागच्या अंगणात टांगलेल्या दाण्यांच्या जाळ्यांवर थव्याने उतरतो. राघूचे मूळ प्रदेश म्हणजे आफ्रिका व दक्षिण आशिया. मग हा पक्षी ब्रिटनमध्ये पोहोचला कसा?

याबद्दल तिथे दोन कथा आवडीने सांगितल्या जातात. एक अशी, की गिटारवादक जिमी हेंड्रिक्स याने १९६० च्या दशकात कार्नबी स्ट्रीटवर पोपटांची एक जोडी सोडून दिली. दुसरी अशी, की 'द आफ्रिकन क्वीन' या १९५१ च्या चित्रपटासाठी आणलेले पोपट स्टुडिओतून निसटले. कथा रंजक आहेत; पण त्या तपासायच्या कशा?

इथे उपयोगी पडल्या त्या पक्षी पाहणाऱ्यांच्या साध्या नोंदी. कोणत्या तारखेला, कोठे पोपट दिसला, एवढेच त्यांत असते. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी अशा हजारो नोंदी नकाशावर मांडल्या. गुन्ह्यांच्या जागांवरून गुन्हेगाराचा ठावठिकाणा शोधण्यासाठी पोलीस जी गणिती पद्धत वापरतात, तीच त्यांनी वापरली. सगळे पोपट एकाच ठिकाणाहून पसरले असते, तर नोंदींचा माग तिथेच पोहोचायला हवा होता. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: कार्नबी स्ट्रीट किंवा तो स्टुडिओ ही उगमस्थाने असल्याचा आधार मिळत नाही. पिंजऱ्यातले पक्षी अनेक ठिकाणांहून, अनेक वेळा सुटले किंवा सोडले गेले असावेत.

जुन्या घटनाही याच्याशी जुळतात. ब्रिटनमध्ये राघूने मोकळ्यावर घरटे केल्याची नोंद १८५५ सालीही आहे, पण तेव्हा ती वस्ती टिकली नाही. १९२९-३० मध्ये 'सिटाकोसिस' या पोपटांपासून माणसाला होणाऱ्या तापाच्या बातम्यांनी घबराट पसरली. अशा वेळी पाळलेला पोपट मारण्यापेक्षा खिडकी उघडून देणे अनेकांना सोपे वाटले असेल, असे या संशोधकांचे मत आहे. टिकाऊ वस्ती मात्र १९६९ नंतर, केंट परगण्यापासून दिसू लागली. १९८३ मध्ये ब्रिटनच्या पक्ष्यांच्या अधिकृत यादीत राघूचा समावेश झाला. २०१६ चा अंदाज सुमारे १२,००० जोड्यांचा आहे.

उष्ण देशातला पक्षी तिथल्या थंडीत जगला कसा? २०१५ च्या जनुकीय अभ्यासानुसार युरोपातले राघू मुख्यतः पाकिस्तान व उत्तर भारतातून गेलेल्या पक्ष्यांचे वंशज आहेत. तिथला हिवाळा त्यांच्या पूर्वजांच्या अंगवळणी पडलेला होता. शिवाय अंगणातले दाणे होतेच. पॅरिसच्या उपनगरातील एका अभ्यासात राघूंचा सुमारे निम्मा आहार अशा दाण्यांतून येत असल्याचे आढळले.

या पाहुणचाराची किंमत कोण देतो? लंडन परिसरात २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दाण्यांच्या जाळीशेजारी पिंजऱ्यात राघू ठेवला, कधी तिथलाच सुतारपक्षी, तर कधी रिकामाच पिंजरा. राघू शेजारी असताना स्थानिक पक्षी कमी खात व सावधपणे इकडेतिकडे पाहत राहत.

म्हणजे दया म्हणून उघडलेले पिंजऱ्याचे दारही निरुपद्रवी असतेच असे नाही. आपल्याकडेही दुकानांत परदेशी पोपट व फिंच विकले जातात. त्यांतला एखादा निसटून झाडावर दिसू शकतो. आपला राघू पकडणे व पाळणे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे.

शाळेच्या आवारात अनोळखी पक्षी दिसला, तर विद्यार्थ्यांना वहीत तारीख, वेळ, जागा, संख्या आणि खुणा लिहायला सांगा. पायात कडे आहे का, माणसाला तो बुजतो का, हेही पाहायला सांगा. लंडनच्या दंतकथांची परीक्षा झाली, ती अशाच नोंदींमुळे.