छापखान्याची जागा आणि समाजाची स्मृती

आमच्या गुरुकुंज मोझरीच्या परिसरात छापील शब्दाचे मोल निराळे सांगावयास नको. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1935 साली येथे आश्रम स्थापिला आणि त्यांचा उपदेश भजनाप्रमाणेच 'श्रीगुरुदेव' मासिकाच्या द्वारेही वऱ्हाडातील खेडोपाडी पोहोचला. म्हणूनच मुंबईतील एका छापखान्याच्या जागेचा इतिहास ज्ञातिबांधवांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' सुरू केले. त्यास राजर्षी शाहू छत्रपतींचे अर्थसाहाय्य लाभले होते. पुढे 1927 साली 'बहिष्कृत भारत', 1930 साली 'जनता' निघाले आणि 1956 साली 'जनता'चेच 'प्रबुद्ध भारत' झाले. पत्र दुसऱ्याच्या छापखान्यावर अवलंबून असले की त्याचा आवाजही परस्वाधीन होतो. यासाठी स्वतःचा छापखाना हवा. दादर पूर्वेस गोकुळदास पास्ता गल्लीतील बुद्धभूषण छापखाना हा त्या स्वावलंबनाचा साक्षी होता. त्याच आवारात आंबेडकर भवन उभे होते.

25 जून 2016 रोजी उत्तररात्री या दोन्ही वास्तू पाडण्यात आल्या. जागेचा कारभार पाहणाऱ्या विश्वस्त संस्थेचे म्हणणे असे की, इमारती जीर्ण झाल्या असून तेथे सतरा मजली नवे भवन उभारावयाचे आहे. बाबासाहेबांच्या अनुयायांस मात्र हा घाव ऐतिहासिक ठेव्यावरच पडल्यासारखा वाटला. 19 जुलै रोजी मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला.

जीर्ण वास्तूचा पुनर्विकास होऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. पुण्याचे उदाहरण पाहा. लोकमान्य टिळकांनी 1905 साली बडोद्याच्या गायकवाडांकडून वाडा घेतला आणि 'केसरी'मुळे तो केसरीवाडा म्हणून ओळखला जाऊ लागला. काळाबरोबर तेथे यंत्रे व बांधकामे बदलली, तथापि टिळकांच्या स्मृतीस वाड्यात स्थान राहिले. बदल आणि जतन यांत मुळात वैर नाही. वैर उत्पन्न होते ते ज्यांचा ठेवा, त्यांस विश्वासात न घेतल्याने. मजले पुन्हा चढविता येतात. परंतु ज्या भिंतींच्या आत खिळे जुळवून एका समाजाने आपले शब्द छापले, त्या भिंती पुन्हा उभारता येत नाहीत.

यातून आपण बोध घ्यावयाचा तो आपल्या घरापासून. जुन्या अंकांच्या फायली, वर्गणीच्या पावत्या, मंडळाच्या सभांची इतिवृत्ते कित्येक घरी माळ्यावर कसर खात पडली आहेत. घराची दुरुस्ती निघाली म्हणजे तीच प्रथम रद्दीत जातात. कुटुंबप्रमुखांनी ती काढून, झटकून, नीट बांधून ठेवावीत व त्यांची यादी मंडळाकडे द्यावी. मंडळानेही स्वतःच्या वास्तूस हात लावण्यापूर्वी तिची छायाचित्रे व आराखडा करून ठेवावा आणि सर्वसाधारण सभेत सर्वांचे मत घ्यावे. कुदळ पडण्याआधी झालेली चर्चा कामास येते. नंतरची केवळ हळहळ उरते.