कार्डापाशी अडलेला सर्व्हर

चालू सर्व्हर बंद करून नवं रेड कार्ड किंवा चार पोर्टांचं नेटवर्क कार्ड बसवलं, बटण दाबलं, पंखे घुमले, पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं, मेमरी मोजून झाली आणि मशीन तिथंच थांबलं. कीबोर्डला दाद नाही, एररचा संदेश नाही. कार्ड काढलं की सर्व्हर निमूट सुरू होतो. दुसऱ्या मशीनमध्ये तेच कार्ड व्यवस्थित चालतं, म्हणजे कार्ड खराब आहे असंही म्हणता येत नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे कधी ना कधी येतं. या अडण्याची मुळं ज्या पद्धतीत आहेत, ती पद्धत चाळीस वर्षांहून जुनी आहे.

सुरुवात ॲपल टू या संगणकापासून करू. १९७७ साली आलेल्या या यंत्रात स्टीव्ह वॉझनियॅकने आठ स्लॉट ठेवले होते. शून्य क्रमांकाचा सोडला तर बाकी प्रत्येक स्लॉटसाठी २५६ बाइटांची जागा राखलेली होती. त्या जागेत कार्डाने स्वतःचा छोटा प्रोग्रॅम आणायचा. ही कल्पना फार मोलाची होती. मुख्य संगणकाला माहीत नसलेलं उपकरण कसं चालवायचं, ते उपकरणच सोबत घेऊन येणार. १९७८ साली आलेल्या डिस्क टू या फ्लॉपीच्या कार्डावरचा प्रोग्रॅम याच २५६ बाइटांत बसवलेला होता. पहिल्या यंत्रांवर तो सुरू करायला माणसाला पीआर#६ अशी आज्ञा टाइप करावी लागे. १९७९ च्या ॲपल टू प्लसने ते कामही स्वतःकडे घेतलं. चालू होताच ते सातव्या स्लॉटपासून खाली येत फ्लॉपीच्या कार्डाची खूण असलेले ठराविक बाइट शोधी आणि सापडले की प्रोसेसर त्या कार्डाच्या प्रोग्रॅमवर सोडून देई. ड्राइव्हमध्ये फ्लॉपी नसेल तर? मग ड्राइव्ह नुसता फिरत राही, रिसेट दाबेपर्यंत. आजचा हँग झालेला सर्व्हर मला याच ड्राइव्हचा थेट वंशज वाटतो.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला. त्यात पाच स्लॉट होते, पण त्याच्या पहिल्या बायोसला कार्डावरचा प्रोग्रॅम शोधायचं माहीतच नव्हतं. ते शिकवलं गेलं २७ ऑक्टोबर १९८२ ही तारीख असलेल्या बायोसमध्ये. १९८३ च्या एक्सटी मॉडेलमध्ये १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती, आणि ती चालवणारा प्रोग्रॅम कार्डावरच्या रॉममध्ये होता. या रॉमला पुढे ऑप्शन रॉम हे नाव रूढ झालं. आयबीएमने बायोसचा पूर्ण प्रोग्रॅम तांत्रिक पुस्तिकेत छापला होता, त्यामुळे हा शोध नेमका कसा चालतो ते ओळ न् ओळ वाचता येतं.

बायोस वरच्या मेमरीत दोन-दोन किलोबाइटांच्या ढांगा टाकत जातो. प्रत्येक ठिकाणी पहिले दोन बाइट ५५ आणि एए आहेत का पाहतो. तिसरा बाइट लांबी सांगतो, ५१२ बाइटांच्या तुकड्यांत. मग त्या सगळ्या बाइटांची बेरीज करायची; बेरजेचा शेवटचा बाइट शून्य आला तर रॉम शाबूत आहे असं धरायचं. आणि मग चौथ्या बाइटवर उडी. इथून पुढे प्रोसेसर कार्डाचा. काम संपलं की कार्डाने परतीची आज्ञा द्यायची आणि बायोसने पुढचं ठिकाण बघायचं.

परतीची आज्ञा आलीच नाही तर काय, याचं उत्तर त्या पुस्तिकेत नाही. घराच्या किल्ल्या पाहुण्याला देऊन यजमान दाराबाहेर उभा राहावा, तशी बायोसची स्थिती होते. कार्डाचा प्रोग्रॅम आपल्या चिपला ‘तयार आहेस का’ असं विचारत एका लूपमध्ये फिरत असतो. चिप कधीच हो म्हणत नाही. आणि त्या लूपमधून बाहेर ओढणारं कुणी नसतं. त्या काळातल्या मर्यादेत हा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. काही किलोबाइटांत सगळं बसवायचं होतं. खंत याची आहे की जागा मुबलक झाल्यावरही किती तरी वर्षं तो तसाच राहिला.

चिप हो का म्हणत नाही, याची कारणं मात्र पिढीगणिक बदलत गेली. आयसा स्लॉटच्या काळात भांडण पत्त्यांचं असे. कार्डावरच्या जंपरच्या टोप्या हलवून इंटरप्ट आणि पोर्ट ठरवावे लागत. एनई२००० हे नेटवर्क कार्ड कारखान्यातून तीन नंबरच्या इंटरप्टवर येई आणि दुसरा सीरियल पोर्टही तिथंच बसलेला असे. अडॅप्टेकचं १५४२ हे स्कझी कार्ड ३३० पोर्ट मागे, तोच मिडीच्या कार्डालाही हवा असे. आयबीएमने १९८७ च्या मायक्रो चॅनलमध्ये जंपर काढून टाकले, १९८८ मध्ये कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी ईसा आणलं. दोन्हींत जुळवाजुळवीसाठी वेगळी डिस्क लागे. खरा सुटकेचा श्वास १९९२ मध्ये इंटेलने आणलेल्या पीसीआयने दिला. कार्ड स्वतःला काय हवं ते सांगू लागलं आणि पत्ते बायोस वाटू लागला.

पण ऑप्शन रॉमची जागा जुनीच राहिली. एक मेगाबाइटच्या खालचा, सी०००० ते डीएफएफएफएफ हा १२८ किलोबाइटचा पट्टा. त्यातला पहिला वाटा डिस्प्ले कार्डाचा. सर्व्हरमध्ये दोन रेड कार्डं, त्यात नेटवर्कवरून बूट होण्याची सोय असलेली दोन-तीन कार्डं बसवली की पट्टा संपला. मग कधी संदेश येई, कधी मशीन नुसतंच थांबे. त्यावरचा उपाय आजही पहिला करून पाहावा असा आहे: ज्या कार्डावरून बूट करायचं नाही, त्याच्या स्लॉटचा ऑप्शन रॉम सेटअपमध्ये बंद करायचा. ऑपरेटिंग सिस्टीमला तिचा स्वतःचा ड्रायव्हर असतो, तिचं काही अडत नाही.

अडलं कुठं हे कळायची सोय १९८४ च्या एटी मॉडेलपासून आहे. त्याचा बायोस प्रत्येक टप्प्याला ८० नंबरच्या पोर्टवर एक आकडा टाकी. तो दोन अक्षरांत दाखवणारी पोस्ट कार्डं मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात. सर्व्हरच्या बोर्डवर बहुधा तो डिस्प्ले असतोच. अलीकडच्या एएमआय बायोसमध्ये ९६ म्हणजे पीसीआयची साधनं वाटणं चालू आहे, बी२ म्हणजे जुन्या पद्धतीचे ऑप्शन रॉम चालवले जात आहेत, डी५ म्हणजे त्यांना जागा उरली नाही. पडद्यावरच्या शेवटच्या नावापेक्षा मी या आकड्यावर जास्त विश्वास ठेवतो. पडद्यावर शेवटचं नाव पुष्कळदा त्या कार्डाचं असतं ज्याने आपलं काम नीट संपवलं. अडलेलं कार्ड त्याच्या पुढचं, ज्याला नाव छापायलाही वेळ मिळाला नाही. त्या बिचाऱ्या पहिल्या कार्डाला उगाच बदलून आणलं जातं.

सन मायक्रोसिस्टिम्सच्या घराण्यात हे जास्त शहाणपणाने हाताळलं गेलं. त्यांच्या एसबस कार्डांवरचा प्रोग्रॅम फोर्थ भाषेच्या सांकेतिक रूपात असे, आणि कोणते स्लॉट तपासायचे याची यादी माणसाला ओके प्रॉम्प्टवरून बदलता येई. संशयित स्लॉट यादीतून काढला की मशीन सुरू. ही परंपरा १९९४ साली ओपन फर्मवेअर या नावाने आयईईईचं मानक झाली, तरी पीसीच्या जगाने तिला जवळ केलं नाही.

पीसीच्या जगाला नवा मार्ग मिळाला तो इटानियम प्रोसेसरच्या निमित्ताने. इंटेलने त्यासाठी बायोसऐवजी ईएफआय रचलं, २००५ मध्ये त्याचा यूईएफआय फोरम झाला. १२८ किलोबाइटचा पट्टा गेला, रॉममध्ये जुन्या प्रोग्रॅमऐवजी रीतसर ड्रायव्हर आले, पुढच्या एका आवृत्तीत त्यांची डिजिटल सही तपासण्याची सोय आली. सही ड्रायव्हर कुणाचा आहे ते सांगते. तो परत येईल याची हमी देत नाही. ड्रायव्हर चिपची वाट बघत बसला की मशीन अजूनही अडतं.

आणि पत्त्यांचं भांडण मोठ्या प्रमाणावर परतलं. ग्राफिक्स प्रोसेसरची कार्डं आपली सगळी मेमरी पत्त्यांच्या खिडकीतून दाखवू मागतात. खिडकीचा आकार दोनाच्या घातातच असावा लागतो, म्हणून २४ जीबीचं कार्ड ३२ जीबीची खिडकी मागतं. ४ जीबीच्या खाली ती मावणार कुठून? अशा वेळी डी४ हा आकडा दिसतो, आणि सेटअपमधला ‘अबव्ह ४जी डिकोडिंग’ हा पर्याय चालू करावा लागतो. तो चालू असूनही अडलं तर स्लॉट बदलून बघा. दोन प्रोसेसरच्या बोर्डवर काही स्लॉट दुसऱ्या प्रोसेसरला जोडलेले असतात, तो बसवलेलाच नसेल तर त्या स्लॉटमधलं कार्ड दिसत नाही. त्यानंतर सगळी कार्डं काढून एकेक परत बसवण्याला पर्याय नाही. एका वेळी एकच बदल, आणि दर वेळी पॉवर केबल काढून. नुसत्या रिस्टार्टने कार्डावरची चिप कोरी होतेच असं नाही.

अडलेल्याला ओढून काढणारा गडी सर्व्हरमध्ये रूढ झाला तो १९९८ च्या आयपीएमआय मानकाबरोबर. बोर्डवरच्या वेगळ्या छोट्या प्रोसेसरकडे वॉचडॉग टायमर दिला गेला. सुरू होण्याच्या टप्प्यात मुख्य प्रोसेसर ठरल्या वेळेत परतला नाही तर तो मशीन रिसेट करतो आणि घटनेची नोंद ठेवतो. मात्र रिसेटनंतर तेच कार्ड, तीच उडी, म्हणून सर्व्हर रात्रभर सुरू होत आणि पडत राहतो. मला हवं आहे ते याहून थोडंच जास्त: कार्डाकडे प्रोसेसर सोपवण्याआधी फर्मवेअरने त्या स्लॉटचा नंबर या छोट्या प्रोसेसरकडे लिहून ठेवावा, आणि रिसेट झाल्यावर तेवढा स्लॉट वगळून पुढे जावं. त्याला एका बाइटपेक्षा जास्त जागा लागत नाही.