अर्ध्या आण्याचा न्याय

आमच्या घरी एका पत्र्याच्या पेटीत पणजोबांना आलेली पोस्टकार्डे आहेत. दर दिवाळीला घर झाडताना ती पेटी उघडते आणि झाडणे तिथेच थांबते. कार्डांवर पाव आण्याची छापील किंमत दिसते. पाव आणा म्हणजे एक पैसा! मुले हसतात, मला मात्र त्या पैशाची कथा सांगितल्याखेरीज राहवत नाही.

एके काळी आपल्याकडे टपालाचा दर अंतरावर ठरत असे. १८३७ च्या सुमारास कलकत्त्याहून मुंबईला तोळाभर वजनाच्या पत्रास एक रुपया पडे. साहेबाने आणि सावकाराने पत्रे लिहावीत, इतरांनी येणाऱ्या-जाणाऱ्याजवळ निरोप द्यावा! त्याच साली इंग्लंडात रोलंड हिलने हिशेब मांडून दाखविले की, अंतर वाढले तरी पत्र वाहण्याचा खर्च फारसा वाढत नाही. व्यापाऱ्यांनी व नागरिकांनी पार्लमेंटकडे अर्जांचा ढीग लावला आणि १८४० साली देशभर एक पेनी हा दर झाला. १८५४ च्या ऑक्टोबरात तीच कल्पना आपल्याकडे आली. पाव तोळ्याचे पत्र हिंदुस्थानात कुठूनही कुठे धाडा, अर्धा आणा! पैशाचे पोस्टकार्ड त्यानंतरचे, १८७९ चे.

वाचकहो, ही नुसती स्वस्ताई नव्हती. पत्र कोणाचे, कोणाला, किती लांब, हे न पाहता सर्वांना एकच दर, हा त्यातला न्याय होता.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट आपल्याकडे लोकांना खुले झाले आणि पुढे हाच प्रश्न नव्या वेषात उभा राहिला. २०१५ साली फेसबुक व रिलायन्स कम्युनिकेशन्स यांनी काही निवडक संकेतस्थळे फुकट दाखविण्याची योजना आणली. काहीच नसण्यापेक्षा गरिबाला थोडे फुकट मिळाले तर काय बिघडले? मीही प्रथम असेच म्हणालो. मग ती पेटी आठवली. ‘अमुक घरांनाच लिहाल तर पत्र फुकट’ असे पोस्टाने म्हटले असते, तर ती घरे निवडणार कोण? त्याच वर्षी तरुण स्वयंसेवकांनी देशभर हाक दिली आणि इंटरनेट सर्वांना सारखे असावे असे सांगणारे दहा लाखांवर ई-मेल दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे गेले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी नियम झाला: काय पाहता त्यावरून डेटाचे निरनिराळे दर लावायचे नाहीत, लावल्यास दिवसाला ५०,००० रुपये दंड. अर्जांचा ढीग पुन्हा एकदा कामी आला होता!

परंतु दर सारखा झाला म्हणून दार उघडतेच असे नाही. २०२० च्या पावसाळ्यात शाळा बंद होत्या. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची मुलगी आमच्या व्हरांड्यात बसून, आमच्याच वायफायवर वर्ग ऐकत असे. एका दुपारी माझा सिनेमा अडखळू लागला. मी बाहेर जाऊन विचारले, “काय गं, अजून किती वेळ चालायचं तुझं?”

“झालंच, आजोबा,” ती म्हणाली आणि तिने मोबाईल बंद केला. आतून शिक्षकांचा आवाज अर्ध्या वाक्यात तुटला.

अर्ध्या आण्याची महती सांगणारा मी! सप्टेंबर २०१९ मध्येच केरळ उच्च न्यायालयाने म्हटले होते की, इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे. तो हक्क मी माझ्या व्हरांड्यात उपकार म्हणून मोजीत होतो.

दुसऱ्या दिवशी मी तिला आतल्या टेबलाशी बसविले. त्याने माझे मन हलके झाले. प्रश्न मात्र सुटला नाही. अर्ध्या आण्याचे पत्र दारात आणून द्यायला पोस्टमन होता. ग्रामपंचायतींपर्यंत तंतुवाहिनी नेण्याचे सरकारने २०११ साली ठरविले. पण पंचायतीपासून चुलीपर्यंतची वाट आहेच. तेवढ्यासाठी आणखी एक अर्जांचा ढीग लागणार असेल, तर माझी सही त्यावर पहिली.