छोट्या इरेनच्या चित्राची कुळकथा

‘छोटी इरेन’ या नावाने जगभर ओळखले जाणारे तैलचित्र ओग्यूस्त रेन्वार या फ्रेंच चित्रकाराने 1880 मध्ये पॅरिसमध्ये रंगवले. कॅनव्हास मोठा नाही, जेमतेम 65 सेंटिमीटर उंच आणि 54 सेंटिमीटर रुंद. आठ वर्षांची मुलगी बागेत बसली आहे. अंगात फिकट निळा झगा, हात मांडीवर ठेवलेले, तांबूस-सोनेरी केस पाठीवरून कमरेपर्यंत मोकळे सोडलेले आणि त्यांत निळी फीत. मागे गर्द हिरवी झाडी. मुलगी हसत नाही आणि चित्रकाराकडे पाहतही नाही. तिची नजर चौकटीबाहेर कुठेतरी लागली आहे.

रेन्वारची हातोटी या एका चित्रात दोन तऱ्हांनी दिसते. झाडी, झगा आणि केसांची टोके सुट्या, भरभर मारलेल्या फटकाऱ्यांची आहेत. जवळ जाऊन पाहिले तर तिथे नुसते रंग उरतात. चेहरा मात्र गुळगुळीत आणि नितळ आहे, कुंचल्याची खूणही सापडू नये इतका. रेन्वारचा जन्म 1841 चा, लिमोज गावचा. लहान वयात तो पॅरिसच्या कारखान्यात चिनी मातीच्या भांड्यांवर फुले आणि चेहरे रंगवत असे. त्या कामाची सफाई इरेनच्या गालांत आणि पापण्यांत टिकून आहे. दृक्प्रत्ययवादाचा हा प्रमुख चित्रकार पैशासाठी काढलेल्या व्यक्तिचित्रात किती सांभाळून वागत होता, हेही त्यातून कळते. आईबापांना मुलीचा चेहरा ओळखू यायला हवा होता.

मुलीचे पूर्ण नाव इरेन काएँ दाँव्हेर. जन्म 1872 चा. वडील लुई काएँ दाँव्हेर पॅरिसमधले बडे ज्यू बँकर, तर आई लुईझ मोर्पुर्गो घराण्यातली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधल्या अशा घराण्यांनी शहरात हवेल्या बांधल्या, खेड्यांत जुने वाडे विकत घेतले, पदव्या मिळवल्या, चित्रे आणि जुने फर्निचर जमवले. आपण आता पुरते फ्रेंच झालो आहोत, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. मुलांची चित्रे काढून घेणे हा त्याच राहणीचा भाग. राजे-सरदार पिढ्यान् पिढ्या जे करत आले, ते आता बँकर करू लागले.

चित्राचे काम रेन्वारकडे आणले शार्ल एफ्रुसीने. तोही बँकर घराण्यातला, कलासमीक्षक आणि इरेनच्या आईच्या अगदी जवळचा. रेन्वारच्या प्रसिद्ध नौकाविहारी मंडळींच्या चित्रात मागच्या बाजूला उंच टोपी घालून उभा असलेला गृहस्थ म्हणजे हाच एफ्रुसी. 1879 च्या सालाँ प्रदर्शनात मादाम शार्पांतिये आणि तिच्या मुलांचे चित्र गाजले होते, त्यामुळे श्रीमंत घरांची दारे रेन्वारला नुकती उघडू लागली होती. इरेनचे चित्र दोन बैठकांत झाले असे सांगतात. 1881 च्या सालाँमध्ये ते मांडले गेले.

घरच्यांना मात्र चित्र फारसे रुचले नाही. धाकट्या दोघी बहिणींची, एलिझाबेत आणि आलीस यांची, वेगवेगळी चित्रे काढण्याऐवजी दोघींना एकाच कॅनव्हासवर बसवण्यात आले. हेच ते 1881 चे ‘गुलाबी आणि निळे’, आता ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या संग्रहालयात असलेले. त्या चित्राची रवानगी पुढे नोकरांच्या मजल्यावर झाली, अशी आठवण सांगितली जाते. मोबदला 1500 फ्रँक, आणि तोही रखडला. रेन्वारने एका पत्रात या कुटुंबाच्या कंजूषपणाबद्दल तक्रार केली आणि त्याच दमात सगळ्या ज्यूंशी संबंध तोडण्याची भाषा वापरली. चिडलेल्या माणसाचा उद्गार म्हणून ते वाक्य सोडून देता येत नाही. ज्याने त्या मुलीचा चेहरा इतक्या मायेने रंगवला, त्याच्याच मनात तिच्या जमातीबद्दलचा आकस होता. हा आकस त्या काळच्या फ्रान्समध्ये सर्वत्र होता, आणि 1894 पासून द्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याच्या प्रकरणात तो उघड्यावर आला.

इरेनचे लग्न 1891 मध्ये मोईझ द कामोंदोशी झाले. कामोंदो हे इस्तंबूलचे बँकर घराणे, 1869 च्या सुमारास पॅरिसला येऊन स्थिरावलेले. 1892 मध्ये निसीम हा मुलगा आणि 1894 मध्ये बेआत्रिस ही मुलगी झाली. पण संसार टिकला नाही. नवऱ्याच्या घोड्यांची व्यवस्था पाहणाऱ्या सांपिएरी या इटालियन सरदाराच्या प्रेमात पडून इरेनने घर सोडले. पुढे तिने कॅथलिक धर्म स्वीकारला, 1902 मध्ये घटस्फोट झाला आणि सांपिएरीशी तिचे दुसरे लग्न लागले. दोन्ही मुले वडिलांकडे राहिली. इरेनचे लहानपणचे चित्र तिच्या आईने 1910 च्या सुमारास नात बेआत्रिसला दिले. आई घरात नव्हती, तिचे आठव्या वर्षीचे रूप मुलीकडे आले.

धाकट्या आलीसचे लग्न 1898 मध्ये चार्ल्स टाउनशेंड या इंग्रज अधिकाऱ्याशी झाले, आणि इथे या फ्रेंच कुळकथेचा एक धागा अनपेक्षितपणे महाराष्ट्राला येऊन मिळतो. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात टाउनशेंडच्या हाताखाली हिंदी सैन्याचे सहावे, म्हणजे ‘पूना’ डिव्हिजन होते. त्यात मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमाराच्या 147 दिवसांच्या वेढ्यानंतर 29 एप्रिल 1916 रोजी सुमारे 13,000 माणसांसह त्याने तुर्कांपुढे शरणागती पत्करली. सैनिकांपैकी हजारो जण वाळवंटातल्या पायपिटीत आणि कैदेत मेले. सेनापतीला इस्तंबूलजवळच्या एका बेटावर आरामात ठेवण्यात आले. साओ पावलोच्या चित्रातली एक चिमुरडी ही त्या सेनापतीची बायको.

त्याच युद्धात, 5 सप्टेंबर 1917 रोजी, वैमानिक असलेला निसीम लॉरेनच्या आकाशात विमानयुद्धात मारला गेला. मोईझने पॅरिसच्या र्‍यू द मोन्सो या रस्त्यावर 63 क्रमांकाची हवेली नुकतीच बांधली होती आणि अठराव्या शतकातल्या फ्रेंच फर्निचरने, गालिचांनी, भांड्यांनी ती भरली होती. वारस गेल्यावर त्याने हवेली वस्तूंसकट फ्रेंच राष्ट्राला देऊन टाकली. एकच अट घातली, की काही हलवायचे नाही, काही बदलायचे नाही. 1935 मध्ये तो वारला. पुढच्या वर्षी मुलाच्या नावाने तिथे संग्रहालय उघडले.

बेआत्रिसने 1919 मध्ये लेओं रैनाकशी लग्न केले. तो संगीतरचनाकार, विद्वानांच्या घराण्यातला. त्याचे वडील तेओदोर यांनी समुद्रकाठचा आपला ग्रीक पद्धतीचा केरिलोस हा बंगला फ्रान्सच्या विद्वत्संस्थेला दिला होता. फानी आणि बेर्त्रां ही लेओं आणि बेआत्रिसची दोन मुले. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर इरेनचे चित्र लूव्ह्र संग्रहालयाच्या ठेव्याबरोबर शाम्बोरच्या किल्ल्यात सुरक्षित ठेवले गेले. 1941 मध्ये नाझींच्या रोझेनबर्ग पथकाने ते तिथून उचलले. ज्यूंकडून लुटलेला कलासंग्रह पॅरिसच्या ज्य द पोम या इमारतीत गोळा होई. तिथे नाझी नेता हेर्मान गोरिंग वारंवार येऊन हवे ते निवडत असे. ‘छोटी इरेन’ त्याच्या वाट्याला गेली. गोरिंगला आधुनिक फ्रेंच चित्रांची आवड नव्हती, अशी चित्रे तो जुन्या चित्रांच्या बदल्यात देऊन टाकी. इरेनच्या चित्राचीही तशीच अदलाबदल झाली.

लेओं रैनाकने फ्रेंच अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करून चित्र परत मागितले. आपल्या दोन्ही घराण्यांनी फ्रान्सला काय काय दिले, हे त्याने त्यात मांडले होते. मोन्सोची हवेली, केरिलोसचा बंगला, लूव्ह्रला मिळालेला कामोंदो संग्रह आणि युद्धात मेलेला निसीम. मागणी फेटाळली गेली. या चित्राच्या इतिहासात त्या अर्जाइतका बोलका कागद दुसरा नाही. नागरिक म्हणून जे हक्काने मिळायचे, त्यासाठी त्याला दानांची यादी द्यावी लागली, आणि तीही पुरली नाही.

बेआत्रिस पट्टीची घोडेस्वार होती. ओळखीपाळखी आणि 1942 मधले धर्मांतर आपल्याला तारतील असे तिला वाटत असावे, कारण ती पॅरिस परिसर सोडून गेली नाही. चौघांनाही अटक होऊन द्रांसीच्या छावणीत डांबण्यात आले. लेओं, फानी आणि बेर्त्रां यांना 20 नोव्हेंबर 1943 रोजी आणि बेआत्रिसला 7 मार्च 1944 रोजी आउशविट्झला पाठवले. चौघांपैकी कोणीही परतले नाही. त्याच मार्च महिन्यात ‘गुलाबी आणि निळे’मधली एलिझाबेत, वय 69, आउशविट्झच्या वाटेवरच मेली. तिने धर्म बदलून अर्धशतक होत आले होते.

इरेन वाचली. तिचे इटालियन आडनाव आणि कॅथलिक धर्म यांनी तिला तारले असे मानतात. युद्धानंतर जर्मनीतून परत आणलेल्या फ्रेंच खासगी संग्रहांतल्या चित्रांचे प्रदर्शन 1946 मध्ये पॅरिसच्या ओरांजरीत भरले, त्यात हे चित्र होते. मुलगी, जावई आणि नातवंडे सगळीच गेल्याने वारसाहक्काने ते इरेनकडे आले. पासष्ट वर्षांहून अधिक काळानंतर चित्रातली मुलगी आपल्याच चित्राची मालकीण झाली, ती मुलीच्या मृत्यूमुळे.

तिने ते फार काळ ठेवले नाही. 1949 मध्ये एमिल ब्यूर्ले या उद्योगपतीने ते विकत घेतले. झुरिचजवळच्या ओर्लिकोन कारखान्याचा तो मालक, आणि त्याच्या तोफा युद्धकाळात नाझी जर्मनीला विकल्या गेल्या होत्या. स्विस न्यायालयाच्या निकालानुसार त्याला 13 लुटीची चित्रे मूळ मालकांना परत द्यावी लागली. त्यांतली नऊ त्याने पुन्हा रीतसर पैसे मोजून घेतली. ‘छोटी इरेन’चा व्यवहार कायदेशीर मालकिणीशी झालेला होता आणि कागदावर त्यात खोट नाही. तरीही ज्या नाझी राजवटीने चित्राच्या आधीच्या मालकिणीला, बेआत्रिसला, मारले, त्याच राजवटीला तोफा विकून मिळालेल्या पैशातून उभ्या राहिलेल्या संग्रहात ते जाऊन पोचले. ही गोष्ट चित्राइतकीच त्याच्या शेजारच्या पाटीवर यायला हवी.

इरेन 1963 मध्ये वारली, तेव्हा ती नव्वदी ओलांडलेली होती. 2021 मध्ये ब्यूर्ले संग्रह झुरिचच्या कुन्स्टहाउस संग्रहालयाच्या नव्या इमारतीत मांडला गेला. त्यावर स्वित्झर्लंडमध्ये मोठा वाद झाला आणि चित्रांच्या मालकीचा इतिहास नव्याने तपासण्याची मागणी पुढे आली. पॅरिसमधली मोन्सोची हवेली मोईझने ठेवली तशीच आहे. तिच्या दाराशी बेआत्रिस, लेओं, फानी आणि बेर्त्रां यांची नावे दगडी फलकावर कोरलेली आहेत.