‘हकीकत’ला पोवाड्याचं माप लावू नये

चेतन आनंद यांच्या ‘हकीकत’बद्दल (१९६४) हैदराबादच्या मराठी मंडळींत एक मत वरचेवर ऐकू येतं: चित्रपट रडका आहे, गाण्यांनी लढाईचा वेग मारलाय आणि रेझांग लाच्या वीरांना न्याय मिळालेला नाही. तुलनेला ‘बॉर्डर’ असतोच.

शेवटचा आक्षेप आधी घेतो, कारण तो वस्तुस्थितीचा आहे. चीनबरोबरच्या युद्धात १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमधल्या चुशूलजवळच्या रेझांग ला खिंडीत मेजर शैतानसिंग आणि १३ कुमाऊंची चार्ली कंपनी जागेवरून हलली नाही. सुमारे १२० पैकी ११४ जण तिथेच पडले. ‘हकीकत’मधली तुकडी चौकी सोडून मागे येते आहे. आधी गोळी झाडायची नाही, या हुकमानं तिचे हात बांधलेले आहेत. म्हणजे हा रेझांग लाचा चित्रपट नव्हेच, माघारीचा आहे. मराठी स्मरणात ते युद्ध यशवंतराव चव्हाणांच्या रूपानं सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला तिथून सुरू होतं. पण यशवंतराव संरक्षणमंत्री झाले तेव्हा युद्धबंदी दाराशी आली होती. त्याआधीची फरफट आपल्या आठवणीतून गळली, ती इथे दिसते.

आता रडणं. गाणी कैफी आझमींची, संगीत मदनमोहनचं. कैफी आझमगढ जिल्ह्यातल्या मिजवां गावच्या शिया घरातले, आणि हैदराबाद ही त्यांची सासुरवाडी, शौकत इथल्याच. शियांच्या करबलाच्या मर्सियात, म्हणजे शोककाव्यात, मूठभर माणसं असतात, पाणी तोडलेलं असतं, शेवट ठाऊक असतो. जिंकलं कोण, असं तिथे कुणी विचारत नाही. एकेका मरणाऱ्याचा निरोप ऐकायचा आणि त्याच्यासाठी रडायचं, हाच त्याचा सन्मान. ‘हकीकत’ची घडण मला थेट त्या परंपरेतली वाटते. रफी, तलत महमूद, मन्ना डे आणि भूपिंदरसिंग यांच्या आवाजांतलं ते गाणं घ्या: वाट तुटलेले जवान घरच्या माणसाची आठवण काढतात. वेग थांबतो, खरंच. पण बर्फात अडकलेल्यांना वेग कुठला? मोहरमच्या आशूराला दबीरपुऱ्यातून बीबी का आलमची मिरवणूक निघते, तेव्हा रस्त्याकडेला हिंदूही हात जोडून उभे असतात. अशा शहरात राहून शोकाला दुबळेपणा म्हणावं, याचं मला वाईट वाटतं. पानिपताचं दुःख तर आपण अडीचशे वर्षं उराशी धरलंय. त्याला रडगाणं म्हटलेलं आपल्याला चालेल?

चित्रपटावर खरा आक्षेप घ्यायचा तर दुसरा घ्यावा. चिनी सैनिक त्यात निव्वळ सोंगं आहेत. आणि अपुऱ्या कपड्यांनिशी, अपुऱ्या दारूगोळ्यानिशी या पोरांना तिथवर धाडलं कुणी, हा प्रश्न तो दिल्लीला विचारत नाही. त्याच पराभवाची लष्करी चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल १९६३ सालीच तयार झाला होता. सरकारनं तो अजूनही खुला केलेला नाही.