पुनः पहिल्या दिवसापासून

सात वेळां सात वर्षें मोजून पन्नासावें वर्ष पवित्र मानावें, अशी आज्ञा लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायांत इस्राएल लोकांस झाली. जुबिली हें नांव तेथूनच आलें. अशा मोजणीच्या वर्षीं, ज्यांचे दिवस मोजतां मोजतां मध्येंच तुटले त्यांच्याविषयीं चार शब्द लिहावे, असें आम्हांस वाटतें.

इस्राएलाच्या शुद्धीच्या नियमांत मोजणीस मोठें महत्त्व होतें. स्रावानें अशुद्ध झालेला मनुष्य बरा झाल्यावर त्यानें सात दिवस मोजावे, वाहत्या पाण्यानें स्नान करावें, व आठव्या दिवशीं दोन होले किंवा पारव्याचीं दोन पिलें याजकापाशीं आणावीं, असा नियम होता. नाजीराचा नेम याहून कठीण. त्यानें द्राक्षारस घेऊं नये, मस्तकास वस्तरा लावूं नये, मातापित्याच्याही प्रेताजवळ जाऊं नये. आणि कोणी अकस्मात् त्याच्याजवळ मरण पावलें, तर गणना ग्रंथाच्या ६ व्या अध्यायाप्रमाणें मागील सर्व दिवस व्यर्थ! मस्तक मुंडून, अर्पणें करून, त्यानें पुनः पहिल्या दिवसापासून आरंभ करावा.

इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी ग्रंथांत अदियाबेने देशाच्या हेलेना राणीची हकीकत आहे. ही कॉन्स्टंटाइन बादशहाची माता संत हेलेना नव्हे. पुत्र युद्धांतून सुखरूप परतला तर सात वर्षें नाजीर राहीन, असा नवस तिनें केला व तो फेडिला. पुढें ती यहूदी लोकांच्या देशांत आली, तेव्हां हिल्लेलाच्या पंथानें आणखी सात वर्षें सांगितलीं. तींही संपत आलीं, तोंच तीस अशुद्धता प्राप्त झाली, आणि पुनः सात! एकूण २१ वर्षें. रब्बी यहूदाच्या मतें मात्र तीं चौदाच. याच राणीनें दुष्काळांत यरुशलेमेच्या लोकांकरितां आलेक्झांड्रियाहून धान्य व सायप्रसहून अंजिरें आणविलीं, असें योसेफस लिहितो. नेम तुटला, तरी तिचें मन तुटलें नाहीं.

वाचकहो, अशुद्धता म्हणजे पाप नव्हे. प्रसूत होणें किंवा मृतास मूठमाती देणें हीं पापें कशीं होतील? पाप त्याहून फार भारी. तथापि आम्हांपैकीं कोणी उपवासकाळांत व्यसन सोडितो, सणाच्या दिवशीं पुनः पडतो, आणि मग लाजेनें पापनिवेदनास येत नाहीं. त्यास वाटतें, माझे चाळीस दिवस बुडाले.

नियमशास्त्रानें दिवस बुडविले, परंतु पुनः आरंभ करण्याचें द्वार कधीं लाविलें नाहीं. ख्रिस्तसभा तर याहून मोठी गोष्ट सांगते. १९२५ च्या पवित्र वर्षाकरितां १९२४ सालीं काढिलेल्या आज्ञापत्रांत पोप अकरावे पायस यांनीं शिकविलें कीं, पश्चात्तापानें परत येणाऱ्यास पापामुळें गमावलेलें पुण्यही पुनः लाभतें. म्हणजे ते चाळीस दिवस बुडाले नाहींत. ते देवापाशीं ठेव म्हणून आहेत.

ज्याचे दिवस तुटले असतील, त्यानें या महोत्सवांत ते मागून घेण्यास यावें.