बीटी जिवाणू विष कधी बनवतो? आणि पऱ्हाटी कधी?

रुक्मिणीचं माहेर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कौंडण्यपूरच्या आसपास, वर्धा नदीकाठच्या काळ्या जमिनीत, कपाशी नवी नाही. ‘बीटी’ हा शब्दही आता कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पण बीटी हे मुळात बियाण्याचं नव्हे, एका जिवाणूचं नाव आहे: बॅसिलस थुरिंजिएन्सिस. जगभरच्या मातीत तो सापडतो.

या जिवाणूकडे हजारो जनुकं असतात. सगळी एकाच वेळी चालवणं त्याला परवडत नाही. जनुक वाचणारं यंत्र म्हणजे आरएनए पॉलिमरेज. ते डीएनएवर नेमकं कुठे बसायचं, हे ‘सिग्मा’ नावाची प्रथिनं ठरवतात. अन्न भरपूर असताना एक सिग्मा कामावर असतो आणि वाढीची जनुकं वाचली जातात. अन्न संपलं की पेशी बीजाणू बनवायला घेते. मग दुसरे सिग्मा येतात आणि अळीनाशक ‘क्राय’ प्रथिनांची बहुतेक जनुकं तेव्हाच सुरू होतात. बीजाणूशेजारी प्रथिनाचा स्फटिक साठतो. पेशीच्या कोरड्या वजनाचा २० ते ३० टक्के भाग एकटा तोच असू शकतो! शेवटी पेशी फुटते. अळीने स्फटिक खाल्ला की तो तिच्या आतड्यात विरघळतो, आतड्याला छिद्रं पडतात, अळी मरते आणि तिचं शरीर बीजाणूला आयतं अन्न मिळतं.

कपाशीत आलं ते फक्त जनुक. बटण जिवाणूकडेच राहिलं, कारण झाडाच्या यंत्राला जिवाणूचं बटण ओळखता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी जनुकाची अक्षरं झाडाला सोयीची करून घेतली आणि त्यापुढे फुलकोबीवरच्या एका विषाणूचं बटण जोडलं. ते जवळपास कायम चालूच असतं. अळी असो वा नसो, पानात, पात्यात, बोंडात विष तयार होत राहतं.

मात्र ‘कायम चालू’ म्हणजे ‘कायम सारखं’ नव्हे. झाड जुनं होतं तसं विषाचं प्रमाण घटतं, आणि गुलाबी बोंडअळी येते ती नेमकी हंगामाच्या उत्तरार्धात. अपुऱ्या मात्रेतून थोड्या अळ्या वाचतात, त्यांचीच पिल्लावळ वाढते. भारतात एका जनुकाची बीटी कपाशी २००२ मध्ये आली, दोन जनुकांची २००६ मध्ये. गुलाबी बोंडअळीने दोन्हींना दाद देणं सोडलं आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात बोंडंच्या बोंडं किडली. पाकिटासोबत येणारं बिगर-बीटी ‘रेफ्युजी’ बियाणं अनेकांनी पेरलंच नव्हतं, हेही त्यामागचं एक कारण. पण सगळा दोष शेतकऱ्यावर टाकणं बरोबर नाही. आपल्याकडचे संकरित वाण लांब मुदतीचे, त्यामुळे अळीला मुक्कामही लांबच मिळतो.

म्हणूनच कृषी विभाग डिसेंबरनंतर फरदड ठेवू नका असं सांगतो. त्या वेळी झाडात विष कमी असतं आणि अळीला बोंडं मात्र मिळत राहतात.